चेंडू रेषेपलीकडे गेला का?

आधी एक साधा प्रश्न सोडवा. फुटबॉलचा चेंडू गोलरेषा ओलांडून गोलाच्या आत जमिनीवर टेकला आहे. जिथे तो टेकला, तो बिंदू आणि रेषेची मागची कड यांत १० सेंटिमीटर अंतर आहे. मधली मोकळी माती तुम्हाला स्वच्छ दिसते आहे. तर हा गोल झाला की नाही?

तुमच्यापैकी बहुतेकांनी 'झाला' असे उत्तर दिले असेल. वर्गात हात वर करायला सांगितले, तर शिक्षकांचेही काही हात वर जातील. पण नियमाप्रमाणे हा गोल नाही! नियम म्हणतो, की संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला पाहिजे. मोठ्या मुलांच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. त्याला पायने भागले, की व्यास सुमारे २२ आणि त्रिज्या ११ सेंटिमीटर येते. चेंडू जमिनीला टेकतो तो त्याच्या मध्याच्या बरोबर खाली, एकाच बिंदूत. त्याचे फुगीर पोट मात्र त्या बिंदूपासून चारी बाजूंना ११ सेंटिमीटर बाहेर आलेले असते. तेव्हा टेकबिंदू रेषेपासून १० सेंटिमीटर दूर असला, तरी पोटाचा १ सेंटिमीटर भाग अजून रेषेवर, हवेत, तरंगतोच आहे. वरून ओळंबा सोडला तर तो रेषेवर पडेल. म्हणून गोल नाही.

हे जगाने १ डिसेंबर २०२२ रोजी पाहिले. कतारमधील विश्वचषकात जपानच्या मितोमाने मैदानाच्या टोकाच्या रेषेवरून चेंडू आत वळवला आणि जपानने गोल केला. छायाचित्रांत चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवे गवत दिसत होते. तरी पंचांनी कॅमेऱ्यांच्या साहाय्याने चेंडू आतच होता असे ठरवले. दोन मिलिमीटरहूनही कमी भाग रेषेवर उरला होता. स्पेन हरले, आणि त्या गटातून जर्मनीला घरी परतावे लागले.

आता तुम्ही म्हणाल, कतारच्या गोष्टी आम्हाला कशाला? आमच्या हिंगोलीत, बसमतला, कळमनुरीला, सेनगावला मैदानावर फक्की मारून रेषा आखतात आणि पी.टी.चे सर शिट्टी वाजवतात. आम्ही तर कबड्डी आणि खो-खोच अधिक खेळतो.

खरे आहे. पण शालेय फुटबॉलची स्पर्धा आपल्याकडेही जिल्हा पातळीपासून सुरू होते. सुब्रोतो मुखर्जी चषकाची स्पर्धा १९६० सालापासून चालू आहे. तिची पायरी जिल्ह्यातून विभागाकडे, विभागातून राज्याकडे आणि तेथून दिल्लीकडे चढत जाते. या पायऱ्या नुसत्या मानाच्या नाहीत. खेळाडू विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात एक गोल चुकीचा दिला गेला, की अकरा मुलांची पुढची वाट तिथेच बंद होते. मँचेस्टरचा संघ एक सामना हरला, तर त्याला पुढच्या आठवड्यात दुसरा असतो. सेनगावच्या संघाला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते, आणि तोवर निम्मी मुले वयाच्या मर्यादेबाहेर गेलेली असतात.

म्हणून हा लेख एका प्रश्नाविषयी आहे. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही हे सांगणारे यंत्र आज जगात आहे. ते फक्त वरच्या पायरीवरच असावे का? आणि नसेल, तर खालच्या पायऱ्यांवर काय असावे?

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू या. त्याच्या दोन जाती आहेत. पहिली जात कॅमेऱ्यांची. प्रत्येक गोलाकडे सात, असे एकूण चौदा कॅमेरे मैदानाच्या छताला बसवतात. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला शेकडो चित्रे घेतो. एका चित्रावरून चेंडू कोणत्या दिशेला आहे एवढेच कळते, किती दूर आहे ते कळत नाही. दुसऱ्या जागेवरच्या कॅमेऱ्याची दिशा मिळाली, की दोन दिशांच्या रेषा जिथे छेदतात तिथे चेंडू. भूमितीच्या तासाला त्रिकोणाचा पाया आणि त्यालगतचे दोन कोन दिले असता तुम्ही त्रिकोण काढता ना? तेच काम संगणक करतो. चेंडू पूर्ण पलीकडे गेला, की एका सेकंदाच्या आत पंचांच्या मनगटावरचे घड्याळ थरथरते आणि त्यावर 'गोल' अशी अक्षरे उमटतात.

दुसरी जात चुंबकीय. गोलाच्या चौकटीभोवती क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि चेंडूच्या आत तारेची वेटोळी बसवतात. चेंडू त्या क्षेत्रातून गेला, की वेटोळ्यांत विद्युत्प्रवाह प्रवर्तित होतो आणि क्षेत्रात बदल घडतो. तो बदल चौकटीवरची उपकरणे टिपतात. दहावीच्या पुस्तकातले फॅराडेचे प्रवर्तन ते हेच. नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ५ जुलै २०१२ रोजी दोन्ही जातींना मान्यता दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जपानमधील क्लबांच्या विश्वचषकात यंत्र प्रथम वापरले गेले.

एवढा उशीर का झाला असे तुम्हाला वाटेल. कारण वाद जुना होता. १९६६ च्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर इंग्लंडच्या हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली आपटला. रेषापंचाने गोल दिला आणि इंग्लंड पुढे विश्वविजेता झाले. तीस वर्षांनी, १९९६ साली, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जुन्या चित्रफितींवर गणित मांडले आणि चेंडू पूर्ण पलीकडे गेलाच नव्हता असा निष्कर्ष काढला. पुढे २७ जून २०१० रोजी ब्लूमफाँटेनला त्याच दोन देशांच्या सामन्यात नेमके उलटे झाले. लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला पलीकडे आपटला, साऱ्या जगाने तो दूरचित्रवाणीवर पाहिला, फक्त पंचांनी पाहिला नाही. त्यानंतर यंत्राला विरोध करणे कठीण झाले.

यंत्राला न्याय विचारण्याची रीत आपल्याला तरी नवी नाही. क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाने चित्रफीत पाहून धावबाद ठरवलेला जगातला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. ती कसोटी नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानला झाली.

पण यंत्र आले ते वरच्या पायरीवर. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत ते २०१३ साली बसले. दुसऱ्या श्रेणीत यायला २०१७ साल उजाडले, तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत त्या वेळी ते आलेच नाही. जर्मनीत मार्च २०१४ मध्ये क्लबांनी मतदान करून यंत्र नाकारले. दुसऱ्या श्रेणीतील क्लब तर बहुसंख्येने विरुद्ध होते, कारण खर्च लाखो युरोंचा होता. डिसेंबरात पहिल्या श्रेणीतील क्लबांनी पुन्हा मत घेतले आणि १५ विरुद्ध ३ मतांनी ते स्वीकारले. दुसरी श्रेणी बाहेरच राहिली. स्पेनची पहिली श्रेणी जगातल्या श्रीमंत स्पर्धांपैकी एक. तिने हा खर्च नकोच म्हटले. एप्रिल २०२४ मध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या सामन्यात चेंडू आत गेला की नाही हे कोणत्याही कॅमेऱ्यातून ठामपणे दिसेना, आणि गोल दिला गेला नाही. फ्रान्सने तर बसवलेले यंत्र वारंवार चुकू लागले म्हणून २०१८ साली काढून टाकले.

आपल्याकडे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेत चित्रफीत पाहून पंचांना साहाय्य करणारी व्यवस्था मुलींच्या या वयोगटात प्रथमच वापरली गेली. पण ती जागतिक संघटनेची स्पर्धा होती. आपली इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, आणि तिची पहिली दहा वर्षे पंचांच्या डोळ्यांवरच पार पडली. नवी मुंबईपासून हिंगोली रस्त्याने साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. यंत्राच्या दृष्टीने हे अंतर आणखी मोठे आहे.

इथे पुष्कळ लोक म्हणतात, की हा अन्याय आहे. नियम एक आहे, मैदानाची मापे एक आहेत, चेंडू एक आहे, तर न्याय दोन प्रकारचा का? श्रीमंताच्या गोलाला चौदा डोळे आणि गरिबाच्या गोलाला एक, तोही घामाने डबडबलेला! या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. चुकीच्या निर्णयाचा तोटा खालच्या पायरीवर कमी नसतो. वर सांगितल्याप्रमाणे तो कित्येकदा जास्तच असतो.

तरीही उद्या कोणी तसे चौदा कॅमेरे हिंगोलीच्या मैदानावर फुकट बसवून देतो म्हणाला, तर मी म्हणेन, थोडे थांबा. त्याला कारण खर्चाचे नाही, मोजमापाचे आहे.

आता आपल्याच जिल्ह्यात येऊ या. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेसर किरण, अशी तिची रचना असेल. दूरच्या विश्वात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की गुरुत्वीय लहरी उठतात आणि त्या लहरींनी या भुजांच्या लांबीत अतिसूक्ष्म फरक पडतो. किती सूक्ष्म? प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा! अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम टिपली. लुइझियानातल्या वेधशाळेत ती आधी पोचली आणि वॉशिंग्टन राज्यातल्या वेधशाळेत ७ सहस्रांश सेकंद उशिरा. या फरकावरून लहर कोणत्या दिशेने आली त्याचा अंदाज येतो. दोनच वेधशाळा असल्या तर अंदाज फार ढोबळ राहतो. दूरवर, पृथ्वीच्या वेगळ्या भागात आणखी एक असली, तर तो पुष्कळ नेमका होतो. म्हणूनच तर ती औंढ्याला हवी आहे. गोलाभोवती एकाऐवजी सात कॅमेरे लावतात ते याच विचाराने.

पण मला या वेधशाळेविषयी दुसरेच सांगायचे आहे. तिथले शास्त्रज्ञ लेसर लावण्यापूर्वी काय करतात? आधी शांत जागा शोधतात. जमिनीची थरथर, रस्त्यावरून जाणारा ट्रक, आगगाडी, वारा, या सगळ्याला त्यांच्या भाषेत 'गोंगाट' म्हणतात. आरसे लोंबत्या दोऱ्यांवर टांगतात, नळ्यांतली हवा काढून टाकतात, आणि गोंगाट शक्य तितका कमी झाला, की मगच मोजायला बसतात. गोंगाट मोठा आणि मोजायची गोष्ट लहान असेल, तर उपकरण कितीही बारीक असो, ते गोंगाटच मोजते.

आता याच नजरेने शाळेच्या मैदानाकडे पाहा. नियम सांगतो, की गोलरेषेची रुंदी खांबाच्या जाडीएवढी असावी आणि ती १२ सेंटिमीटरहून अधिक नसावी. आपल्याकडे खांब लोखंडी नळाचे, आठ-दहा सेंटिमीटर जाडीचे. त्यांच्यामध्ये रेषा मारतात ती फक्कीची. डब्यातून किंवा मुठीने सोडलेली ती फक्की कुठे सात सेंटिमीटर पडते, कुठे पंधरा. सामना सुरू होऊन वीस मिनिटे झाली, की गोलरक्षकाच्या बुटांनी मधली रेषा पुसून जाते. खांब पावसाळ्यात एका बाजूला कलतो. अशा ठिकाणी चेंडूची जागा मिलिमीटरपर्यंत सांगणारे यंत्र आणून उपयोग काय? चेंडू कुठे आहे ते कळेल, पण रेषा कुठे आहे तेच माहीत नसेल. जानेवारी २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या स्टोन्सने लिव्हरपूलचा एक चेंडू रेषेवरून परतवला, तेव्हा तो पूर्ण पलीकडे जायला केवळ ११ मिलिमीटर उरले होते असे यंत्राने सांगितले. हे ११ मिलिमीटर त्या मैदानावर अर्थपूर्ण होते, कारण तिथली रेषा तेवढी सरळ होती. आपल्या मैदानावर ११ मिलिमीटर म्हणजे फक्कीची एक चिमूट.

आणि जाळी! १८ ऑक्टोबर २०१३ रोजी जर्मनीत हॉफेनहाइम आणि लेव्हरकुसेन यांच्या सामन्यात कीसलिंगने डोक्याने मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, बाजूच्या जाळीला असलेल्या भोकातून आत शिरला आणि गोल दिला गेला. निकाल तसाच कायम राहिला. पहिल्या श्रेणीचा सामना, हजारो प्रेक्षक, आणि चूक कशाची, तर फाटक्या जाळीची. जर्मनीत यंत्राची मागणी वाढली ती या प्रसंगानंतर. मला मात्र नेहमी वाटते, की सुतळीचा एक तुकडा आणि सामन्याआधीची पाच मिनिटे एवढ्यावर हा प्रसंग टळला असता.

उलट बाजूही सांगतो. उत्तम यंत्रसुद्धा झाकले गेले, तर आंधळेच. १७ जून २०२० रोजी अ‍ॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात व्हिलाचा गोलरक्षक चेंडू हातात घेऊन खांबाजवळ आत कोसळला. खेळाडूंच्या गर्दीने आणि खांबाने सातही कॅमेऱ्यांची दृष्टी अडवली, पंचांचे घड्याळ गप्प राहिले आणि गोल मिळाला नाही. यंत्र चालवणाऱ्या कंपनीने क्षमा मागितली. नऊ हजारांहून अधिक सामन्यांत असे कधी झाले नव्हते असे तिने सांगितले. सामना बरोबरीत सुटला, व्हिलाला एक गुण मिळाला आणि हंगामाच्या शेवटी तो संघ एका गुणाने पहिल्या श्रेणीत टिकला. बोर्नमथचा संघ खाली घसरला. बाकीचे निकाल तसेच राहिले असते आणि तो गोल दिला गेला असता, तर व्हिला खाली गेला असता आणि बोर्नमथ वर राहिला असता. पंचही घड्याळाकडेच पाहत राहिले, ही त्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट.

मग खालच्या पायरीवर काय करावे? माझे मत असे, की तिथे चूक कशामुळे होते ते आधी पाहावे आणि त्या चुकीच्या आकाराचे औषध द्यावे. शालेय सामन्यातला मोठा दोष मिलिमीटरचा नसून चुकीच्या जागेवरून पाहण्याचा आहे. हा दोष किती मोठा असतो याचे गणित तुम्हीच करा, समरूप त्रिकोण पुरे आहेत. समजा, तुम्ही मैदानाच्या कोपऱ्याजवळ, गोलाच्या जवळच्या खांबापासून ३० मीटर अंतरावर उभे आहात. गोलरेषा वाढवली असता ती जिथून जाईल, त्या जागेपासून तुम्ही फक्त १ मीटर मैदानाच्या बाजूला सरकलेले आहात. गोलाची रुंदी ७.३२ मीटर, म्हणून गोलाचा मध्य खांबापासून ३.६६ मीटर पलीकडे. तुमची नजर खांबाच्या कडेला घासून पुढे गेली, तर मध्यापर्यंत पोचेतो ती रेषेपासून ३.६६ भागिले ३०, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर आत सरकलेली असते. पलीकडच्या खांबापाशी ती २४ सेंटिमीटर सरकते, चेंडूच्या व्यासाहूनही जास्त! म्हणजे झालेला गोल तुम्हाला न झालेला दिसेल. जो प्रेक्षक तेवढाच गोलाच्या मागच्या बाजूला सरकून बसला आहे, त्याला न झालेला गोल झालेला दिसेल. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघेही भांडतात. पंच तर अनेकदा १६ मीटरच्या चौकटीबाहेर धावत असतात. त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी?

यावर उपाय नियमातच आहे. दोन्ही गोलरेषांवर एकेक जादा साहाय्यक पंच उभा करता येतो. युरोपात २००९ सालापासून हा प्रयोग झाला आणि नंतर तो नियमांत आला. आपल्याकडे जिल्ह्याच्या उपान्त्य आणि अंतिम सामन्यांना तरी, खेळत नसलेल्या शाळांतील दोन क्रीडाशिक्षक या कामावर सहज नेमता येतील. त्यांना आदल्या दिवशी तासभर शिकवावे, की खांबाची मागची कड हीच तुमची फूटपट्टी. खांब आणि रेषा सारख्याच रुंदीची असतील, तर त्या कडेच्या सरळ रेषेत डोळा ठेवला असता, चेंडू आणि ती कड यांच्यामध्ये फट दिसली म्हणजे गोल. फट नाही तर गोल नाही. रेषेची रुंदी खांबाएवढी ठेवण्याचा नियम किती शहाणपणाचा आहे ते इथे कळते.

हा उपाय अचूक आहे का? नाही. १९ जून २०१२ रोजी दोनेत्स्कला युक्रेन आणि इंग्लंड यांच्या सामन्यात असा साहाय्यक पंच खांबापासून थोड्याच अंतरावर उभा होता, तरी टेरीने परतवलेला चेंडू आत गेला होता हे त्याने पाहिले नाही. जवळ उभे राहिल्याने जागेचा दोष जातो, वेगाचा राहतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाने येणारा चेंडू सेकंदाला १५ मीटर जातो. जमिनीवर आपटून उसळायला त्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. एवढ्या वेळात माणसाच्या डोळ्याला काय दिसणार? म्हणून दोन्हींची तुलना करताना प्रामाणिक राहावे. रेषेवरचा माणूस हातभर आत गेलेला चेंडू ओळखण्याची शक्यता पुष्कळ वाढवतो. चार बोटांचा वाद त्याच्याने नेहमी मिटेलच असे नाही.

"मग आमचा मोबाईल लावतो ना!" असे कोणी तरी म्हणणार, हे मला ठाऊक आहे. लावा, पण त्याचेही गणित करा. साधी चित्रफीत सेकंदाला ३० चित्रे घेते. सेकंदाला १५ मीटर जाणारा चेंडू दोन चित्रांच्या मध्ये अर्धा मीटर पुढे गेलेला असतो, आणि आपटून उसळण्याचा क्षण कोणत्याच चित्रात सापडत नाही. संथगतीच्या सोयीत काही फोन सेकंदाला २४० चित्रे घेतात. तिथे हे अंतर सव्वासहा सेंटिमीटरवर येते. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. वाद होतो तो बहुधा कोणी तरी परतवलेल्या चेंडूचा, आणि परतणारा चेंडू वळताना क्षणभर थांबतो. नेमक्या वादाच्या जागी तो सर्वांत हळू असतो! तरी फोन कुठे ठेवला, हा प्रश्न उरतोच. एक मीटर सरकलेला फोन एक मीटर सरकलेल्या माणसाइतकीच चूक करतो, आणि वर ती पुराव्यासारखी दाखवतो. शिवाय परवानगी नसलेल्या स्पर्धेत पंचांनी चित्रफीत पाहून निर्णय बदलणे नियमात बसत नाही. तेव्हा फोनचा उपयोग सध्या सरावात करावा, पंचांना शिकवण्यासाठी करावा, पालकांनी मैदानात घुसून पंचांच्या नाकासमोर धरण्यासाठी नव्हे.

मधल्या पायऱ्यांसाठी जगात नवा विचार सुरू झाला आहे आणि तो मला पटतो. जागतिक संघटनेने २०२४ साली कोलंबियात २० वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात एक कमी खर्चाची पद्धत वापरून पाहिली. तीत थोडेच कॅमेरे असतात, चित्रफिती पाहणारे वेगळे पंच नसतात. प्रशिक्षकाने सामन्यात दोनदा दाद मागायची आणि मैदानावरच्या पंचानेच चित्रफीत पाहून ठरवायचे. आपल्या राज्य पातळीच्या अंतिम फेऱ्यांसाठी असे काही मागायला हरकत नाही. तिथे मैदान बरे असते आणि रेषा रंगवलेल्या असतात. जिल्ह्याला मात्र आधी सरळ रेषा, ताठ खांब, धड जाळी आणि रेषेवर उभी राहणारी दोन शहाणी माणसे हवीत. राज्याकडून पैसा मागायचा असेल, तर प्रथम यासाठी मागावा.

तुमच्या शाळेला हे तपासायचे असेल, तर एक सुतळी आणि ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. दोन्ही खांबांच्या मागच्या कडांना घासून सुतळी ताणून बांधा, जमिनीपासून बोटभर वर. आता एका खांबापासून दर अर्ध्या मीटरवर थांबून, फक्कीची मागची कड सुतळीपासून किती आत किंवा बाहेर आहे ते मोजा. गोल ७.३२ मीटरचा असेल, तर चौदा ठिकाणची चौदा मापे मिळतील. आत असेल तर उणे आणि बाहेर असेल तर अधिक, अशी चिन्हे देऊन त्यांचा आलेख काढा. सामना संपल्यावर पुन्हा एकदा मोजा आणि दुसरा आलेख पहिल्यावर दुसऱ्या रंगाने काढा. दोन्ही आलेखांचा कागद पी.टी.च्या सरांना दाखवा. नंतर गेरू किंवा चुना पाण्यात कालवून, सुतळीच्या आधाराने, खांबाच्या जाडीएवढी रेषा कुंचल्याने ओढा आणि तिसऱ्यांदा मोजा.